पेशींना खूण कशाची केली होती?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात त्याचा पाठीचा मणका मोडला. ऑपरेशन करून रॉड आणि स्क्रू बसवले, पण कमरेखाली ताकद नाही, स्पर्शही कळत नाही. एका मोठ्या शहरातल्या स्टेम सेल सेंटरमध्ये आम्ही जाऊन आलो. कमरेच्या हाडातून मज्जा काढून त्यातल्या पेशी वेगळ्या करतात. त्यातल्या काही पाठीत सुई घालून आणि काही सलाईनमधून परत देतात. असं तीन वेळा करावं लागेल म्हणाले. खर्चासाठी काका ३० गुंठे विकायचं म्हणतात, पुढच्या सोमवारी इसार आहे. तिथल्या डॉक्टरांनी लॅपटॉपवर दुसऱ्या एका पेशंटच्या मेंदूची दोन चित्रं दाखवली. उपचाराआधीचं निळं होतं आणि तीन महिन्यांनंतरचं लाल-पिवळं. 'ह्या बघा पेशी, जागेवर जाऊन बसल्यात, तुमच्या मुलाच्या मणक्यातही अशाच बसतील,' असं ते म्हणाले. आईला रडू आवरेना. मी शाळेत विज्ञान शिकवते. शरीरात सोडलेल्या पेशी खरंच अशा दिसतात का? आणि दिसत असतील तर विश्वास ठेवायला हरकत काय?
– एक बहीण, बार्शी तालुका

ताई,

तुमचं पत्र काल संध्याकाळी वाचलं. सोमवारच्या इसाराचं कळल्यावर बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

आधी सरळ उत्तर देते. शरीरात सोडलेल्या पेशी बाहेरून पाहता येतात. हे शास्त्र खरं आहे, जवळजवळ पन्नास वर्षांचं आहे, आणि माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं त्यातच गेली. पण त्याला एक अट आहे. सोडण्याआधी त्या पेशींना खूण केलेली हवी. तुमच्या भावाच्या हाडातून काढलेल्या पेशी त्याच्याच शरीरातल्या इतर अब्जावधी पेशींसारख्या असतात. एकदा आत गेल्या की खुणेशिवाय त्या वेगळ्या ओळखणारं मशीन कुठेही नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्हाला दाखवलेलं चित्र खूण केलेल्या पेशींचं नाही. ते असूच शकत नाही, आणि हे तुम्हाला स्वतःला गणित करून तपासता येईल. त्याकडे येतेच.

सुगीनंतर तुमच्या भागात शेतात मेंढरं बसवतात. धनगर आपल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो, ते तुम्ही पाहिलं असेल. दोन कळप एकमेकांत मिसळले तरी रंगावरून आपली मेंढरं कळतात. पेशींचंही नेमकं तसंच आहे. रंग न लावता मेंढरं रानात सोडली आणि नंतर लांबच्या डोंगराचा फोटो दाखवून कोणी म्हणालं, 'ती बघा आमची मेंढरं,' तर तुम्ही काय विचाराल? तेच इथेही विचारायचं: पेशींना खूण कशाची केली होती?

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये २६ वर्षं काम केलं. कृत्रिम खुब्यात पू झालाय का, हे शोधायचं असलं की आम्ही पेशंटचं साधारण ५० मिली रक्त काढायचो, तांबड्या पेशी तळाला बसू द्यायचो आणि वर राहिलेल्या पांढऱ्या पेशी अगदी हलक्या हाताने वेगळ्या करायचो. त्यात किरणोत्सारी इंडियम किंवा टेक्नेशियम मिसळायचं, न चिकटलेलं धुऊन टाकायचं आणि पेशी त्याच माणसाच्या शिरेत परत सोडायच्या. इंडियमची ही रीत १९७६ च्या सुमारास जॉन मॅकॅफी आणि मॅथ्यू ठाकूर यांनी बसवली. इंडियम एकटं पेशीत शिरत नाही. ऑक्सिन नावाचा, तेलात सहज मिसळणारा रेणू त्याला पेशीच्या पातळ आवरणातून आत नेतो. आत इंडियम प्रथिनांना धरून बसतं आणि ऑक्सिन सुटून जातो. मग गॅमा कॅमेऱ्याखाली, म्हणजे किरणोत्सार टिपणाऱ्या कॅमेऱ्याखाली, पेशंटला झोपवलं की पेशी कुठे आहेत ते ठिपक्यांनी उमटत जातं.

पहिल्या काही मिनिटांत काय दिसायचं ठाऊक आहे? फुप्फुसं. शिरेतून दिलेलं सगळं आधी हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसांच्या केसाहून बारीक नळ्यांत जातं. पेशी तिथे अडतात, थोड्या वेळाने सुटतात, मग प्लीहा आणि यकृत उजळतं, आणि काही तासांनी, पू असेल तर, खुब्याजवळ डाग दिसतो. एकदा एका पेशंटच्या चित्रात फुप्फुसं चार तासांनंतरही तशीच लख्ख होती. माझ्या लक्षात आलं की पेशी वेगळ्या करताना आमच्याच हातून त्या दुखावल्या होत्या आणि फुप्फुसात अडकून पडल्या होत्या. पेशंटला खरं काय ते सांगितलं आणि तपासणी पुन्हा केली. ते चित्र नसतं तर 'पू नाही' असा रिपोर्ट मी सही करून दिला असता. पेशींचा माग काढण्याचं मोल मला त्या दिवशी उमगलं. चांगलं चित्र आपल्याला आपली चूक दाखवू शकतं. 'नाही' म्हणायची ताकद नसलेल्या चित्राच्या 'हो' ला काही किंमत नसते.

आता लॅपटॉपवरच्या चित्राकडे. निळ्याचं लाल-पिवळं होणारं मेंदूचं चित्र म्हणजे बहुतेक करून पेट स्कॅन. त्यात साखरेसारखा एक पदार्थ देतात. त्याला फ्लोरिन-१८ जोडलेलं असतं. साधारण तासाभराने कॅमेरा लावतात आणि जिथे साखर जास्त खर्च होते तिथे चित्र उजळतं. म्हणजे ते चित्र मेंदू साखर किती वापरतोय ते सांगतं. तीन महिन्यांपूर्वी टोचलेल्या पेशींबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

आणि हे गणित तुम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर मांडू शकाल. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, ११० मिनिटं. एका दिवसात मिनिटं १४४०, म्हणजे तो १३ वेळा अर्धा होतो. २ चा १३ वा घात ८१९२. दुसऱ्या दिवशी आठ हजारांतला एक भागही उरत नाही. टेक्नेशियमचा अर्धायुकाल ६ तास. इंडियमचा २.८ दिवस, म्हणजे तीन महिन्यांत तो ३२ वेळा अर्धा होतो. झिर्कोनियम-८९ ने खूण केली तर एक-दोन आठवडे माग काढता येतो, कारण त्याचा सव्वातीन दिवसांचा आहे. पेशी टोचताना लावलेली यातली कुठलीही किरणोत्सारी खूण तीन महिन्यांनी दिसणं शक्य नाही. तिथल्या डॉक्टरांना याहून वेगळं काही म्हणायचं असेल तर त्यांनी ते लिहून द्यावं.

रंगांबद्दलही एक सांगते, कारण आई त्या रंगांनीच विरघळली. पेटचे रंग मेंदूत नसतात. कॅमेरा आकडे देतो आणि संगणक त्यांना रंग देतो. कुठल्या आकड्यापासून लाल सुरू करायचं ते माउसने सरकवता येतं. रक्तातली साखर कमी-जास्त असली, तपासणीआधी पेशंटला गुंगी दिली असली, तो डोळे उघडे ठेवून बसला असला, तरी आकडे बदलतात. पेशंट लहान मूल असेल तर नुसतं वय वाढण्यानेही बदलतात. दोन चित्रांची तुलना करायची तर दोन्ही वेळचे आकडे, साखरेची नोंद आणि रंगांची तीच पट्टी समोर हवी.

तुम्ही म्हणाल, किरणोत्सारी खूण टिकत नसेल तर टिकणारी करावी. तसंही करतात. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पेशींना खाऊ घालायचे आणि मग एमआरआय करायचा. लोह असेल तिथे एमआरआयमध्ये काळा डाग पडतो. या रीतीची एक हकिगत मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगायचे.

नेदरलँड्समधलं नाइमेखन हे विद्यापीठाचं गाव. तिथे मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशंटना त्यांच्याच डेन्ड्रिटिक पेशींची लस देत होते. या पेशी लसिकाग्रंथीत पोचल्या तरच बाकीच्या प्रतिकारपेशींना शिकवतात. म्हणून सोनोग्राफीवर बघत, अनुभवी माणसाच्या हाताने, सुई थेट ग्रंथीत घालून त्या सोडत. योलांडा डी व्रीस, कार्ल फिग्डोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ पेशंटच्या पेशींना लोहाची आणि इंडियमची अशा दोन्ही खुणा केल्या. दोन दिवसांनी त्या ग्रंथी ऑपरेशनने काढायच्याच होत्या, त्यामुळे चित्रात दिसलेलं सूक्ष्मदर्शकाखाली ताडून बघता येणार होतं. एमआरआयने दाखवलं की आठपैकी चार जणांत पेशी ग्रंथीत गेल्याच नव्हत्या, शेजारच्या ऊतीत पडल्या होत्या. नुसत्या गॅमा कॅमेऱ्यावर हे कळलं नसतं, कारण त्यात डाग दिसतो पण तो ग्रंथीच्या आत आहे की चार मिलिमीटर बाहेर ते ओळखता येत नाही. हे सगळं त्यांनी २००५ मध्ये जाहीरपणे छापलं.

ताई, यावर जरा थांबून विचार करा. निष्णात लोक, समोर सोनोग्राफी, ग्रंथी कातडीपासून बोटभर अंतरावर, तरी निम्म्या वेळा नेम चुकला. चुकला हे कळलं, कारण खूण होती. एखाद्या लशीचा गुण आला नाही तर ती लसच वाईट होती की ती जागेवर पोचलीच नाही, हे खुणेशिवाय कधीच समजलं नसतं. तुमच्या भावाला सलाईनमधून दिलेल्या पेशी पहिल्यांदा फुप्फुसात जातील आणि मग बहुतांशी यकृत-प्लीहेत, हे असल्या पेशींवर खूण करून केलेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. हृदयाचंच बघा. जर्मनीत हॅनोव्हरला हृदयविकाराच्या झटक्यानंतर अस्थिमज्जेच्या पेशी दिल्या आणि त्यांना फ्लोरिन-१८ ची खूण केली. हृदयाच्या धमनीतून सोडल्या तेव्हा दुखावलेल्या भागात शेकडा १.३ ते २.६ एवढ्याच थांबल्या. हाताच्या शिरेतून दिल्या तेव्हा हृदयात त्यांचा मागमूस दिसला नाही. निवडक प्रकारच्या पेशी धमनीतून दिल्यावर आकडा शेकडा १४ ते ३९ पर्यंत गेला, म्हणजे कुठली पेशी आणि कुठल्या वाटेने, यावर सगळं अवलंबून आहे. हेही २००५ चंच.

पाठीतल्या सुईबद्दल प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते, कारण सेंटरचे लोक ती पुढे करतील. ब्राझीलमध्ये मज्जारज्जूची जुनी इजा असलेल्या दहा जणांना त्यांच्याच हाडांच्या मज्जेतल्या निवडक पेशी लोहाची खूण करून कमरेच्या सुईने दिल्या. पुढच्या काही आठवड्यांत पाच जणांच्या इजेच्या जागी काळे डाग दिसले. हा अहवाल २००७ मध्ये आला. म्हणजे काही पेशी तिथवर जात असाव्यात. पाच जणांत दिसल्या नाहीत. आणि दिसल्या त्यांचे पाय हलू लागले का, हा प्रश्न त्या काळ्या डागाने सुटत नाही.

कारण 'दिसली' म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. पुन्हा मेंढरांकडे येऊ. लांडग्याने मेंढी खाल्ली तरी रंगवलेली लोकर बाभळीच्या काट्यात अडकून राहते. लांबून बघणाऱ्याला वाटतं मेंढी उभी आहे. टोचलेल्या पेशींतल्या पुष्कळशा काही दिवसांत मरतात, शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, आणि खुणेचं लोह त्या सफाईवाल्यांच्या पोटात जसंच्या तसं राहतं. एमआरआयवर डाग तोच, आणि पेशी मात्र मेलेली. उलट पेशी जगून वाढल्या तर एकीची खूण दोघींत, चौघींत वाटली जाते आणि फिकट होत होत नाहीशी होते. पाठीवर पट्टा असलेल्या मेंढीचं कोकरू पट्टा घेऊन जन्मत नाही ना, तसंच. म्हणून पेशी पोचली का, जगली का आणि कामाला लागली का, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. सेंटरने तुम्हाला एका चित्रात तिन्हींचं उत्तर दिलं आणि त्या चित्रात पहिल्याचंसुद्धा नव्हतं.

तुमच्या भावाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जुन्या इजेच्या जागी रक्त साकळलेलं असतं, त्यातलं लोह तिथेच राहतं, आणि एमआरआयवर तेही काळंच दिसतं. शिवाय त्याच्या पाठीत रॉड आणि स्क्रू आहेत. धातूजवळ एमआरआयचं चित्र ओढल्यासारखं वेडंवाकडं होतं. उद्या कोणी त्याचा एमआरआय दाखवून 'हा काळा ठिपका म्हणजे पेशी' म्हणालं, तर अपघातानंतरचा, उपचाराआधीचा एमआरआय शेजारी ठेवायला सांगा. त्यात तो ठिपका होता का ते बघा. आणि आकाराचंही भान असू द्या. एक पेशी साधारण १० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. एक मिलिमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ठिपक्यात अशा दहा लाख मावतात. मोठ्या माणसाच्या एमआरआयमध्ये एकटीदुकटी पेशी बघण्याच्या गोष्टी कोणी केल्या तर त्याही ऐकून सोडून द्या.

मेलेली पेशी जिवंत भासण्याच्या अडचणीवर तोडगा शोधलाय. खूण पेशीच्या जनुकांतच लिहायची. मग पेशी जिवंत असेपर्यंत ती खूण स्वतः बनवत राहते आणि तिच्या लेकी-नातींनाही ती मिळते. इथे कोकरू पट्टा घेऊनच जन्मतं. अंबाल्यात जन्मलेले, स्टॅनफर्डमध्ये काम केलेले डॉ. संजीव गंभीर यांनी या रीतीसाठी आयुष्य वेचलं. मेंदूच्या कर्करोगावर सोडलेल्या प्रतिकारपेशी त्यांच्या गटाने माणसात पेट स्कॅनवर दाखवल्या, २००९ मध्ये आधी एका पेशंटमध्ये आणि २०१७ मध्ये सात जणांत. २०२० मध्ये ते गेले. पण यासाठी पेशीचं जनुक बदलावं लागतं, म्हणून जिथे उपचारासाठी जनुक बदलणारच आहेत तिथेच हे करतात. मज्जा काढून, फिरवून, त्याच दिवशी परत टोचणाऱ्या सेंटरमध्ये हे होत नाही. फ्लोरिन-१९ ची, किरणोत्सार नसलेली खूण करूनही एमआरआय करतात. शरीरातल्या मऊ भागांत फ्लोरिन जवळजवळ नसतंच, त्यामुळे दिसलं ते आपलंच. मात्र पेशी खूप एकवटलेल्या लागतात.

घरात कोणीतरी म्हणेल, 'टाटामध्येसुद्धा पेशींनीच कॅन्सर बरा करतात, मग हे खोटं कसं?' ते ऐकलेलं बरोबर आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी (पेशंटच्याच प्रतिकारपेशींचं जनुक बदलून परत देण्याच्या) उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. पण तो रक्ताच्या काही ठरावीक कर्करोगांसाठी आहे. आधी नोंदणी केलेल्या चाचण्यांत (क्लिनिकल ट्रायलमध्ये) पेशंटवर काय झालं ते मोजून मग परवानगी आली. त्या पेशी वाढल्या का हे वेळोवेळी रक्त काढून मोजता येतं. 'पेशी' हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा आहे.

पेशी सोडल्यावर त्या कुठे जातात हे न बघण्याची किंमत एका मुलीने मोजलीय. अठराव्या वर्षी अपघातात मज्जारज्जूला इजा होऊन तिचे पाय लुळे पडले. पोर्तुगालमध्ये तिच्याच नाकातल्या अस्तराच्या पेशी मज्जारज्जूत घातल्या. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली म्हणून अमेरिकेत आयोवात तपासलं, तर घातलेल्या जागी गाठ वाढलेली होती आणि तिच्यात नाकातल्यासारखा चिकट स्राव भरला होता. हे २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलं. मज्जेच्या पेशींनी असंच होईल असं मी म्हणत नाही, त्या पेशी निराळ्या. पण 'त्याच्याच पेशी आहेत, अपाय कसला?' असं तुम्हाला तिथे सांगितलं असणार, आणि तिच्याही पेशी तिच्याच होत्या.

आता सोमवारचं. माझं मत विचारत असाल तर इसार करू नका. निदान महिनाभर पुढे ढकला. भावाच्या इजेला दोन वर्षं झालीत. महिन्याने त्यात काही बिघडणार नाही. जमीन मात्र एकदा गेली की परत येत नाही.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठी होणारं मूलपेशींचं (स्टेम सेलचं) प्रत्यारोपण एवढंच नेहमीचा उपचार म्हणून मान्य आहे. मज्जारज्जूच्या इजेसाठी ते फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करायचं, आणि अशा चाचणीत पेशंटकडून त्या प्रयोगाचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणून सेंटरला फोन करून विचारा, 'ही चाचणी आहे का? असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक द्या.' सीटीआरआय म्हणजे देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही. ती इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. क्रमांक मिळाला तर तो उघडून बघा, त्यात आजार हाच आहे ना, केंद्राचं नाव आहे ना, नैतिक समितीची मान्यता आहे ना. खऱ्या चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोणी द्यायची तेही ठरलेलं असतं. क्रमांक न देता 'ही चाचणी नाही, आमची थेरपी आहे, पेशंटच्याच पेशी असल्यामुळे परवानगी लागत नाही' असं उत्तर आलं, तर तुमचा निर्णय झाला असं समजा. चित्राबद्दल तोच एक प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर मागा.

उलट खरी चाचणी निघाली आणि भावाला तिच्यात जायचं असेल, तर मी त्याला अडवणार नाही. अशा माणसांमुळेच हे शास्त्र पुढे जातं. फक्त 'पाय येतील' म्हणून जाऊ नये, 'काय होतं ते सगळ्यांना कळेल' म्हणून जावं, आणि एक पैसा न देता जावं.

त्या ३० गुंठ्यांतला अगदी थोडा भाग जिथे खरा उपयोगी पडेल तेही सांगते. त्याला पाठीवर, बैठकीला, टाचांना जखमा आहेत का? बधिर कातडीला दुखत नाही, म्हणून रोज आरशात बघायला शिकवा, अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायला लावा. चाकाच्या खुर्चीवर बसायची गादी त्याच्या मापाची घ्या. लघवीसाठी कायमची नळी असेल तर दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळी घालून काढायची पद्धत जमेल का ते डॉक्टरांना विचारा. त्याने जंतुसंसर्ग कमी होतो आणि मूत्रपिंडं सांभाळली जातात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते. तिथे एकदा त्याला घेऊन जा. खुर्चीवरून पलंगावर स्वतः सरकणं, न्हाणीघरात एकट्याने जाणं, तीन चाकांच्या स्कूटरवर बाहेर पडणं, हे शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरांतलं वातावरणच पालटतं.

आईला हे कसं सांगायचं, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात असणार. त्यांना 'फसवत होते' असं सांगू नका, त्या स्वतःलाच बोल लावतील. त्या चित्रात साखर दिसत होती, पेशी दिसत नव्हत्या, एवढंच सांगा. मेंढरांचा दाखला द्या, त्यांना तो माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आणि ताई, तुमच्या पत्रात आई आहे, काका आहेत, जमीन आहे, डॉक्टरही आहेत. भाऊ स्वतः काय म्हणतो ते कुठेच नाही. आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि हे उत्तर त्याला वाचून दाखवा. सेंटरला फोन लावायचा ठरला तर तो त्यालाच लावू द्या.